वाचकांचे प्रश्न : उमेदवाराची भूमिका शोधायची कुठे?

गेल्या अंकात आम्ही वाचकांना विचारले होते की, २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेसाठी मतदान करताना आपल्या मतदारसंघातील उमेदवारांची शेती, पाणी, शिक्षण, आरक्षण अशा विषयांवरील भूमिका आपल्याला ठाऊक होती का, आणि असल्यास ती कोठून कळली. आलेल्या पत्रांत उत्तरांपेक्षा उलट प्रश्नच अधिक निघाले. त्यांतील काही प्रश्न निवडून येथे घेतले आहेत. कोणत्याही पक्षाची बाजू मांडण्याचा किंवा खोडून काढण्याचा येथे हेतू नाही, आणि पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : मी आमच्या मतदारसंघातील तीन उमेदवारांची शपथपत्रे निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतली आणि सगळी वाचली. पत्नीच्या अंगावरचे सोने किती ग्रॅम आहे तेही त्यांत होते, परंतु निवडून आल्यावर काय करणार याची एक ओळही नव्हती. असे का? (निवृत्त शिक्षक, सातारा जिल्हा)

उत्तर : आपण नमुना २६ (म्हणजे हेच शपथपत्र) पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलात याचे कौतुक वाटते, बहुतेक जण त्यातील एकूण मालमत्तेचा आकडा तेवढा वर्तमानपत्रात पाहतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे उमेदवाराची पार्श्वभूमी जाणून घेण्याचा मतदाराचा हक्क मान्य झाला, आणि त्यातून हे शपथपत्र आले. म्हणून त्यात प्रलंबित खटले, स्वतःची, जोडीदाराची व अवलंबितांची मालमत्ता, कर्जे, शासनाची थकबाकी, शिक्षण आणि गेल्या पाच वर्षांत प्राप्तिकर विवरणात दाखवलेले उत्पन्न यांचे रकाने आहेत. धोरणाचा रकाना नाही, आणि तो असावा असे मला वाटतही नाही. वचने शपथेवर घेतली जाऊ लागली तर निवडणूक याचिकांचा निकाल लागेपर्यंत पुढची निवडणूक उजाडेल.

तरीही हे शपथपत्र भूमिकेच्या दृष्टीने अगदीच मुके नसते. शेतजमिनीचे गट क्रमांक कोणत्या गावचे आहेत, कोणत्या साखर कारखान्याचे, दूध संघाचे वा कंपनीचे समभाग आहेत, शासनाशी केलेली कंत्राटे कोणती आहेत, हे त्यात नोंदवावे लागते. उमेदवार ऊसदरावर काय बोलतो हे ऐकण्यापूर्वी तो ऊस घालणाऱ्यांच्या रांगेत आहे की गाळप करणाऱ्यांच्या, हे या कागदावरून पुष्कळदा कळते. भूमिका नव्हे, पण हितसंबंध कळतात.

भूमिकेसाठी आपण जाहीरनामा पाहाल, तर तारखांकडे लक्ष द्या. २०२४ च्या निवडणुकीत अर्ज भरण्याची अखेरची तारीख २९ ऑक्टोबर होती आणि माघारीची ४ नोव्हेंबर. भाजपचे संकल्पपत्र आणि महाविकास आघाडीचा 'महाराष्ट्रनामा' हे दोन्ही १० नोव्हेंबरला, म्हणजे मतदानाला दहा दिवस उरले असताना, प्रसिद्ध झाले. आघाड्यांनी ठळक आश्वासने त्याआधी काही दिवस सभांतून दिली होती हे खरे, परंतु ज्या सविस्तर कागदाच्या आधारे उमेदवाराने मते मागितली, तो कागद त्याची उमेदवारी पक्की झाली तेव्हा मतदारापुढे आलेलाच नव्हता. उमेदवारी आधी आणि धोरण मागाहून, असा हा क्रम आहे.

प्रश्न : आमच्या भागात उभ्या राहिलेल्या प्रत्येकाने कांदा निर्यातबंदीला विरोध असल्याचे सांगितले. मग निवड कशाच्या आधारावर करायची? (कांदा उत्पादक, निफाड तालुका)

उत्तर : ज्या मुद्द्यावर सगळे एका सुरात बोलतात, त्यावरून निवड होत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, निर्यात हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील केंद्र सूचीचा विषय आहे. डिसेंबर २०२३ मध्ये बंदी आली ती केंद्राच्या अधिसूचनेने, मे २०२४ मध्ये ती उठून ५५० डॉलर प्रतिटन किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क आले तेही केंद्राच्या आदेशाने, आणि १ एप्रिल २०२५ पासून शुल्क पूर्णपणे गेले तेही केंद्रानेच ठरवले. विधानसभेचा उमेदवार या बाबतीत फार तर शिष्टमंडळात बसून दिल्लीला जाऊ शकतो. तो हे मनापासून करत असेल तर चांगलेच आहे, पण ती त्याची धोरणात्मक भूमिका ठरत नाही.

त्याच्या हातात काय असते, ते पाहू. २०२३ च्या उन्हाळ्याआधी लाल कांद्याचे भाव कोसळले तेव्हा राज्य शासनाने क्विंटलला ३५० रुपये, प्रत्येक शेतकऱ्यास २०० क्विंटलच्या मर्यादेत, अनुदान दिले. हा पैसा राज्याचा होता आणि अटीही राज्याच्याच होत्या. सातबाऱ्यावर कांद्याची नोंद नाही म्हणून अनेकांचे अर्ज अडले, हे आपल्या भागात वेगळे सांगायला नको. पीक शेतात उभे होते, विकल्याची पट्टी हातात होती, आणि ई-पीक पाहणीत मात्र त्याचा पत्ता नव्हता. तेव्हा उमेदवाराला असा प्रश्न विचारावा की, भाव पडल्यावर अनुदान द्यायचे झाल्यास विक्रीची पट्टी पुरेशी मानण्याच्या बाजूचे आपण आहात, की सातबाऱ्यावरील नोंदीच्या? याचे उत्तर 'विचार करू' असे आले तर त्याने विचार केलेला नाही एवढे नक्की समजते.

दुसरी गोष्ट बाजार समितीची. ती १९६३ च्या राज्य कायद्याने चालते, आणि कायदा बदलायचा तर तो विधिमंडळातच बदलतो. हमाली आणि तोलाईच्या कपातीवरून एप्रिल २०२४ मध्ये नाशिक जिल्ह्यातील लिलाव बंद राहिले. व्यापारी, माथाडी आणि शेतकरी असे तीन पक्ष त्यात होते, आणि तिघांचीही मते उमेदवाराला हवी होती. ही कपात कोणी सोसावी, असे आपले मत आहे? निर्यातबंदीपेक्षा हा प्रश्न कितीतरी लहान दिसतो, परंतु त्यावर बोलणारा उमेदवार तिघांपैकी कोणाला तरी नाराज करतो, आणि भूमिका म्हणतात ती नेमकी यालाच.

विदर्भ-मराठवाड्यातील सोयाबीनचेही असेच झाले. २०२४-२५ साठी हमीभाव ४,८९२ रुपये असताना प्रचारात एका बाजूने ६,००० आणि दुसऱ्या बाजूने ७,००० रुपयांची भाषा झाली. हमीभाव कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या शिफारशीवरून केंद्र सरकार जाहीर करते. राज्य स्वतःच्या तिजोरीतून फरक देऊ शकते. २०२३ च्या खरिपासाठी कापूस व सोयाबीन उत्पादकांना हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत, राज्याने दिले होते. तेव्हा 'भाव देऊ' म्हणणाऱ्याला फरक अर्थसंकल्पातील कोणत्या लेखाशीर्षातून देणार, हे विचारले पाहिजे.

प्रश्न : एकाच पक्षाचे नगर जिल्ह्यातील आणि आमच्याकडील उमेदवार जायकवाडीच्या पाण्यावर अगदी विरुद्ध बोलतात. पक्षाची भूमिका नेमकी कोणती मानावी? (वाचक, पैठण)

उत्तर : या महिन्याच्या टपालातील हा सर्वांत चांगला प्रश्न आहे असे मला वाटते, कारण त्याने जाहीरनाम्यांची एक मोठी पळवाट उघडी केली आहे. जाहीरनाम्यात 'मराठवाड्याला हक्काचे पाणी' असे लिहिता येते, 'कोणत्याही भागावर अन्याय होऊ देणार नाही' असेही लिहिता येते, आणि दोन्ही वाक्ये एकाच पानावर सुखाने नांदतात.

पाण्याचा वाद जिथे आहे तिथे आकडे आहेत. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ च्या कलम १२(६)(ग) मध्ये खोऱ्यातील पाण्याच्या समन्यायी वाटपाचे तत्त्व आहे. गोदावरी खोऱ्यासाठी मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये त्याचे सूत्र बसवले, आणि पुढच्या वादांत त्यातील एकच आकडा सर्वांच्या तोंडी राहिला. १५ ऑक्टोबरच्या सुमारास जायकवाडीतील उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये समन्यायी वाटपाचे हे तत्त्व उचलून धरले. २०२३ च्या अपुऱ्या पावसानंतर ऑक्टोबरअखेरीस गंगापूर, दारणा, मुळा, भंडारदरा-निळवंडे या समूहांतून मिळून ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडण्याचा आदेश निघाला, तेव्हा वर नाशिक-नगरकडे आंदोलने झाली आणि पाणी सुटायला उशीर होत आहे म्हणून खाली मराठवाड्यातही आंदोलने झाली. दोन्हीकडच्या आंदोलनांत सर्व पक्षांचे झेंडे होते.

म्हणून 'पक्षाची भूमिका कोणती' हा प्रश्न सोडून द्यावा आणि उमेदवाराला आकड्याशी बांधावे. ६५ टक्क्यांचे सूत्र आपल्याला मान्य आहे का? मान्य नसेल तर कोणता आकडा असावा? पाणी नदीपात्रातून सोडल्यावर वाटेत जिरते आणि उपसले जाते. ती तूट कोणाच्या वाट्यातून धरावी? वाटेतील कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या त्या काळात काढून ठेवाव्यात, याला आपली संमती आहे का? हा शेवटचा प्रश्न वरच्या अंगाच्या उमेदवाराला मतदारांच्या समोर विचारून पाहा. बंधाऱ्याच्या काठी ज्यांच्या पाणी उपसण्याच्या मोटारी आहेत, ते त्याच सभेत बसलेले असतात.

आमदार म्हणून त्याला या बाबतीत प्रत्यक्ष जागाही आहे. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत लाभक्षेत्रातील आमदार बसतात. रब्बीची आवर्तने (कालव्यातून ठरावीक काळाने सोडायचे पाणी) किती, उन्हाळी किती, पिण्यासाठी राखीव किती, हे तेथे ठरते. विद्यमान आमदारच पुन्हा उभा असेल तर त्याने या बैठकांत काय मागितले, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. सभेत टाळ्या मिळवणारे वाक्य आणि बैठकीत मागितलेले आवर्तन यांत फरक असेल, तर दुसरे खरे मानावे.

(आपण पत्रात समुद्राकडे वाहून जाणारे पाणी गोदावरीत वळवण्याच्या योजनेबद्दलही विचारले आहे. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. तूर्त एवढेच नोंदवतो की, वादग्रस्त वाटपाबद्दल विचारले की उत्तर हमखास त्या योजनेकडे वळते, कारण तेथे कोणाचेच पाणी कमी होत नाही.)

प्रश्न : लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये २,१०० होतील असे उमेदवार स्वतः घरी येऊन सांगून गेले. ते वचन कायद्याने बांधील असते का? (गृहिणी, सोलापूर)

उत्तर : नाही. जाहीरनाम्यातील आश्वासन न्यायालयातून वसूल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये एका तमिळनाडूच्या प्रकरणात अशी आश्वासने म्हणजे निवडणूक कायद्यातील भ्रष्ट आचरण नव्हे असे ठरवले, परंतु निवडणूक आयोगाने जाहीरनाम्यांसाठी मार्गदर्शक सूचना कराव्यात असेही सांगितले. त्याप्रमाणे आयोगाने घातलेली अपेक्षा अशी आहे की, आश्वासनामागचे कारण आणि पैसा उभा करण्याचा मार्ग पक्षाने साधारणपणे सांगावा. 'साधारणपणे' या शब्दाच्या आधाराने मार्ग सांगायचे बहुधा राहूनच जाते.

आपल्या प्रश्नातील आकडे मात्र आता समोर आहेत. जुलै २०२४ पासून दरमहा १,५०० रुपये देणारी ही योजना अर्थसंकल्पात जाहीर झाली तेव्हा वर्षाला ४६,००० कोटी रुपयांची तरतूद सांगितली गेली. प्रचारात महायुतीने २,१०० आणि महाविकास आघाडीने ३,००० रुपयांचे आश्वासन दिले. १० मार्च २०२५ रोजी मांडलेल्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात रक्कम १,५०० च राहिली, तरतूद ३६,००० कोटी रुपये झाली, आणि राज्याची महसुली तूट ४५,८९१ कोटी रुपये दाखवली गेली. म्हणजे जी रक्कम चालू होती ती देतानाच महसुली खर्च महसुली जमेच्या पुढे गेला होता. २,१०० चे गणित तर पुढेच राहिले, आणि ३,००० चे त्याच्याही पुढे.

यावरून योजना बंद करावी असे मी म्हणत नाही. घरातल्या बाईच्या स्वतःच्या खात्यावर महिन्याला ठरलेली रक्कम येणे याचा अर्थ काय होतो, हे आपल्या पत्रातील गॅस सिलिंडर आणि मुलीच्या एसटी पासचा हिशेब वाचताना मला पुन्हा समजले. म्हणणे एवढेच की, वाढीचे वचन देणाऱ्या उमेदवाराला दोन पर्याय द्यावेत: कोणता खर्च कमी कराल, किंवा कोणता कर वाढवाल? 'विकासातून पैसा येईल' हे उत्तर तिसरा पर्याय म्हणून स्वीकारू नये.

प्रश्न : आमच्या आमदारांनी एका विधेयकाला खासगीत विरोध दर्शवला होता. सभागृहात त्यांनी कोणत्या बाजूने मत दिले हे कसे कळेल? (वकील, ठाणे)

उत्तर : बहुधा कळणार नाही. आपण वकील आहात, तेव्हा राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीबद्दल, म्हणजे पक्षांतरबंदीबद्दल, आपल्याला सांगण्याची गरज नाही. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीनुसार पक्षादेश मोडून मत दिले, किंवा मतदानाला गैरहजर राहिले, आणि पक्षाने पंधरा दिवसांत ते माफ केले नाही, तर सदस्यत्व जाऊ शकते. हा पक्षादेश काढणारा प्रतोद विधिमंडळ पक्षाने नव्हे तर मूळ राजकीय पक्षाने नेमायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी महाराष्ट्राच्याच सत्तासंघर्षात स्पष्ट केले. त्यामुळे 'मी व्यक्तिशः विरोधात आहे' या वाक्याची किंमत, पक्षादेश निघेपर्यंतचीच असते.

परंतु दुसरी अडचण अधिक मोठी आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात. अध्यक्ष प्रस्ताव मतास टाकतात, 'होय'चा आवाज मोठा ठरतो आणि विधेयक संमत झाल्याचे जाहीर होते. कोणत्या सदस्याने काय मत दिले याची नावानिशी नोंद मतविभागणी मागितली गेली तरच होते. विशेष जनसुरक्षा विधेयक १० जुलै २०२५ रोजी विधानसभेने आवाजी मतदानानेच संमत केले. त्याआधी त्यावर संयुक्त चिकित्सा समिती बसली होती आणि हजारो सूचना-हरकती आल्या होत्या, म्हणजे विषय किरकोळ होता असे कोणी म्हणणार नाही. माकपच्या एकमेव आमदाराने विरोध नोंदवला. बाकी २८७ जणांपैकी आपला प्रतिनिधी त्या क्षणी काय म्हणाला, की तो सभागृहातच नव्हता, हे नोंदीवरून सांगता येत नाही. तेव्हा पुढच्या निवडणुकीत एक धोरणात्मक प्रश्न सर्वच उमेदवारांना विचारण्याजोगा आहे: महत्त्वाच्या विधेयकांवर मतविभागणी मागाल का?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथे राज्य विधिमंडळाला उभ्या असलेल्या साध्या उमेदवाराच्याही संकेतस्थळावर मालमत्ता कर, शाळांचा निधी, आरोग्यविमा अशा प्रत्येक विषयावर त्याची मते असतात. आपल्याकडे हे का नाही? (वाचक, एडिसन)

उत्तर : तेथे पक्षांतरबंदीचा कायदा नाही आणि आमदारांची मते नावानिशी नोंदली जातात, हे मुख्य कारण आहे. न्यू जर्सीत चाळीस मतदारसंघ असून प्रत्येकातून एक सिनेटर आणि दोन विधानसभा सदस्य निवडले जातात. पक्षाची उमेदवारीही बहुधा प्राथमिक निवडणुकीत मतदारांकडून मिळवावी लागते. ज्याला स्वतःच्या मताने वागण्याची मुभा आहे आणि ज्याचे मत नंतर त्याच्याविरुद्ध काढून दाखवता येते, तो आधीच मते लिहून ठेवतो. आपल्याकडे उमेदवारी वरून मिळते आणि मत पक्षादेशाने ठरते, मग संकेतस्थळावर लिहायचे काय? तेथील पद्धतीतही पैसा आणि दबावगट यांचे राज्य आहेच, हे आपण आम्हाला अनेकदा कळवले आहे.

प्रश्न : पुण्यात प्रत्येक उमेदवाराच्या पत्रकात खड्डे, ड्रेनेज, पेव्हर ब्लॉक आणि टँकर. हे आमदाराचे काम आहे का?

उत्तर : नाही, महापालिकेचे आहे. आमदाराला स्थानिक विकास कार्यक्रमातून वर्षाला ५ कोटी रुपये मिळतात आणि त्यातून समाजमंदिरे, रस्ते, पेव्हर ब्लॉक होतात, म्हणून गैरसमज पक्का झाला आहे. त्यातच २०२२ मध्ये मुदत संपल्यानंतर पुण्यासह अनेक महापालिकांवर काही वर्षे प्रशासकच होते. नगरसेवक नसताना लोक आमदाराकडे गेले, यात लोकांची चूक नाही. मात्र इमारतींचे नियम, पुनर्विकासाचा कायदा, टँकर लॉबीवर नियंत्रण आणि नदीकाठच्या पूररेषा हे विषय राज्याच्या अखत्यारीत येतात. त्यांवर पत्रकात एक ओळ सापडली तर मला अवश्य पाठवा.

प्रश्न : विद्यमान आमदार पुन्हा उभे राहिल्यास त्यांची पाच वर्षांतील भूमिका तपासण्याचा काही मार्ग आहे का? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, अमरावती)

उत्तर : आहे, आणि तो घरबसल्या उपलब्ध आहे. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर तारांकित (मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या) प्रश्नांच्या याद्या, लक्षवेधी सूचना आणि कामकाजाचे वृत्तांत असतात. एक यादी उघडून पाहा. वर क्रमांक, मग सदस्यांची नावे, मग 'पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय', आणि खाली एकेक उपप्रश्न: '(१) … हे खरे आहे काय'. उत्तराच्या बाजूला मंत्र्यांचे 'हे खरे आहे', 'अंशतः खरे आहे' किंवा 'प्रश्न उद्भवत नाही'. एखाद्या गावच्या शाळेचे छप्पर उडाले, तर ते छप्पर या भाषेत 'अंशतः खरे' होऊन येते.

वाचताना दोन सावधगिरी बाळगा. एका प्रश्नावर पुष्कळदा दहा-वीस सदस्यांची नावे असतात, त्यामुळे नुसती संख्या मोजून 'शंभर प्रश्न विचारणारे आमदार' असा निष्कर्ष काढू नका. पहिले नाव कोणाचे आहे ते पाहा, आणि वृत्तांतात उपप्रश्न विचारायला कोण उभे राहिले ते पाहा. दुसरे म्हणजे विषय पाहा. आमदाराचे निम्मे प्रश्न त्याच्या मतदारसंघाबाहेरच्या एखाद्याच खात्याच्या निविदांबद्दल असतील, तर त्यातूनही एक भूमिका दिसते.

जे विषय निवडणुकीत नव्हतेच, त्यांच्यासाठी हाच मार्ग उरतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये पहिलीपासून हिंदी हा प्रचाराचा मुद्दा नव्हता. एप्रिल आणि जून २०२५ मध्ये शासन निर्णय निघाले, राज्यभर वाद झाला, आणि २९ जून रोजी दोन्ही निर्णय मागे घेऊन समिती नेमण्याची घोषणा झाली. या अडीच महिन्यांत आपला आमदार काय बोलला आणि कोणत्या तारखेला बोलला, हे पाहा. निर्णय मागे घेतल्यानंतर विरोध जाहीर करणे सोपे असते.

प्रश्न : हे सर्व वाचून वाटते की एका आमदाराच्या भूमिकेला काही अर्थच नाही. मंत्री झाला तरच काही करता येते का? (बँक कर्मचारी, सांगली)

उत्तर : मंत्रिमंडळ विधानसभेच्या पंधरा टक्क्यांपेक्षा मोठे असू शकत नाही, म्हणजे २८८ पैकी जास्तीत जास्त ४३. उरलेल्यांना अर्थ नसता तर सांगोल्याने गणपतराव देशमुखांना अकरा वेळा निवडून दिले नसते. १९६२ मध्ये पहिल्यांदा निवडून आलेले देशमुख शेतकरी कामगार पक्षाचे होते, दोनदा मंत्री झाले, पण बहुतेक काळ विरोधी बाकांवर बसले. दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदांत ते जे बोलत तेच विधानसभेत बोलत. १९७२ आणि १९९५ मध्ये ते हरलेही. मतदारांना त्यांची भूमिका पाठ होती, आणि म्हणूनच तिच्यासकट त्यांना नाकारणेही शक्य होते.

आणखी एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे, आणि ते दरमहा आपल्या पगारपत्रकावर छापलेले असते. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते, म्हणजे साधे आमदार नव्हेत हे मान्य, परंतु मंत्रीही नव्हते. मागेल त्याला काम मिळालेच पाहिजे, ही त्यांची भूमिका. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातील विसापूर येथे त्यांनी तिचा प्रयोग सुरू केला. १९७२ च्या दुष्काळात ती राज्याची योजना झाली, १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. केंद्राचा कायदा व्हायला २००५ उजाडले. जाहीरनाम्यांना आज जे जमत नाही ते त्या वेळी झाले होते: पैसा कोठून येणार हे योजनेबरोबरच ठरले. शहरातील पगारदारांनी खेड्यातील मजुरांच्या कामाचा भार उचलावा म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. आपल्या पगारपत्रकावर 'पीटी' म्हणून कापले जाणारे २०० रुपये ते हेच. फेब्रुवारीत ३०० का कापतात, असे आपण पत्राच्या शेवटी सहज विचारले आहे. अकरा महिन्यांचे २,२०० आणि फेब्रुवारीचे ३०० मिळून २,५०० होतात, आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ नुसार एका व्यक्तीकडून वर्षाला यापेक्षा अधिक व्यवसाय कर घेता येत नाही.